डोळा आणि डोरा

शाळेत मदतनीस म्हणून मी पहिल्यांदा बसलो तो अमेरिकेत. २००७ साली कॅलिफोर्नियात ऑनसाइट होतो आणि समाजकार्यासाठी कंपनी महिन्याचे काही तास द्यायची. म्हटलं, तेवढीच मीटिंगमधून सुटका! (उदात्त हेतू वगैरे नंतर सुचले.) टीबीची तपासणी, चार फॉर्म, आणि मग दर शुक्रवारी सकाळी दुसरीच्या वर्गात कोपऱ्यात बसून मुलांचं वाचन ऐकायचं. बहुतेक मुलं गरीब घरांतली, घरी स्पॅनिश बोलणारी. शाळेत मात्र इंग्रजीच. १९९८ च्या 'प्रस्ताव २२७' नं तिथं दोन भाषांत शिकवण्यावर बंधनं आली होती. ती उठली २०१६ च्या मतदानात.

स्पॅनिशमध्ये 'ब' आणि 'व्ह' हे वेगळे आवाज नाहीत, त्यामुळे 'व्हेरी'चं 'बेरी' व्हायचं. पहिल्याच दिवशी मी दुरुस्त्या सुरू केल्या, तर बाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, त्याला अर्थ कळलाय ना? मग जाऊ दे पुढे, ही वाचनाची चूक नाही. मला पटायला वेळ लागला नाही, कारण माझं स्वतःचं 'वाइन' आणि 'व्हाइन' सारखंच निघतं आणि त्यावर ती पोरं खिदळायची. परक्या देशात माणूस जरा नम्र असतो.

आता भंडारा. बायकोचं माहेर साकोली तालुक्यात. २०२३ च्या जुलैत महिनाभर तिकडेच राहून काम करायचं ठरलं. सकाळी दोन तास मोकळे होते, म्हणून गावातल्या शाळेत जाऊ लागलो. दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यात रोवणीचे दिवस. आई-बाप बांधीत, त्यामुळे थोरली पोरं धाकट्यांना कडेवर घेऊनच शाळेत, किंवा शाळेतच नाहीत.

गुरुजींनी मला वाचनाची चाचणी दिली. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' पाहणीत वापरते त्याच धर्तीची: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. परिच्छेदात तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की मूल एक पायरी खाली. सोपं काम. टेस्ट केस चालवायच्या आणि तक्ता भरायचा, माझ्या धंद्यातलंच!

तिसरीतली एक मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसली आणि घडाघडा वाचू लागली. 'काळा' ला 'कारा'. मी थांबवलं. 'डोळा' ला 'डोरा'. पुन्हा थांबवलं. 'पाणी' चं 'पानी'. चौथ्यांदा थांबवलं तेव्हा तिनं कागद खाली ठेवला आणि भावाचं नाक पुसू लागली. मी तक्त्यात 'शब्द' लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. त्या तक्त्यावरून गट पडणार होते. तिला सुट्या शब्दांच्या गटात, पहिलीतल्या पोरांबरोबर बसावं लागलं.

दोन दिवसांनी गुरुजींनी तक्ता पाहिला. "सर, ही तर गोष्ट वाचते जी." मी ऐटीत चुका मोजून दाखवल्या. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं ळ नाही ना सर. मी बी घरी डोराच म्हणतो."

मग त्यांनी तिच्या वहीतलं श्रुतलेखन दाखवलं. डोळा, काळा, पाणी. सगळं शुद्ध. म्हणजे ती ळ ओळखत होती, लिहीत होती, फक्त आपल्या घरच्या तोंडानं वाचत होती. झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न. दोन ओळींचा नियम आहे हो! साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला आहे, आणि त्याच तालुक्यात बसून मी तिला अशुद्ध ठरवत होतो. स्पॅनिश बोलणाऱ्या पोराला जी सूट दिली ती इथं का सुचली नाही? कारण तिथं भाषा माझी नव्हती. इथं मला वाटलं, मराठी म्हणजे माझीच, आणि ती मी पुण्याहून बरोबर घेऊन आलोय.

प्रमाण उच्चार शिकवू नये असं मी म्हणत नाही. पुढे मुलाखतीत तिच्या 'डोरा' ला कोणी हसणार नाही याची हमी मी तरी देऊ शकत नाही. पण ते वेगळं काम, वेगळ्या तासाचं. एका चाचणीत दोन गोष्टी मोजल्या की रिपोर्ट खोटा निघतो, हे ऑफिसात मी नव्या पोरांना दरवर्षी सांगतो!

असो. तक्ता दुरुस्त केला आणि सगळ्या मुलांची चाचणी पुन्हा घेतली. आणखी पाच जण वरच्या गटात गेले. ती मुलगीही गेली. पण ही दुसरी चाचणी तिनं गुरुजींना दिली, मला नाही. मी समोर बसलो की भाऊ रडतोय म्हणून उठायची. (तो रडत नसे.) एकदा मी तिला म्हटलं, मला 'डोरा' म्हणायला शिकव. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमाले येते."

निघायच्या आदल्या दिवशी पाऊस होता आणि वर्गात नऊच मुलं. ती व्हरांड्यात भावाला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवत होती, न अडखळता. मी दाराशी थांबलो तशी तिनं आवाज खाली आणला, आणि मी आत जाऊन बसलो.