दगडी छताखालचे सूर

बालदोस्तांनो, इंग्लंडमधल्या केंब्रिज गावातून कॅम नावाची छोटीशी नदी वाहते. तिच्या काठी किंग्ज कॉलेज आहे आणि कॉलेजच्या आवारात एक उंचच उंच प्रार्थनामंदिर! त्याला म्हणतात चॅपेल. राजा सहावा हेन्री याने १४४६ साली त्याची पायाभरणी केली आणि दगडी काम पुरं व्हायला १५१५ साल उजाडलं. लांबी ८८ मीटर, उंची २४ मीटर! मान वर केली की छतभर दगडाचे पंखे उलगडलेले दिसतात.

पण नुसतं पाहून परत फिरू नका बरं का! कॉलेजचं सत्र चालू असताना इथं संध्याकाळची प्रार्थना गातात. कुणीही यावं, शांत बसावं. पैसे लागत नाहीत, की धर्माची विचारपूस नाही.

मेणबत्त्यांच्या उजेडात गायक दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. त्यांत १६ जण तुमच्यासारखी शाळकरी मुलं, बाकीचे कॉलेजातले तरुण. आपण शाळेत प्रार्थना म्हणतो तेव्हा सगळ्यांची चाल एकच असते. इथं मुलांचा उंच सूर एका वाटेनं जातो, तरुणांचे आवाज मधल्या आणि खालच्या वाटांनी. वाटा वेगळ्या, तरी टक्कर नाही! कारण प्रत्येकाचा एक कान शेजाऱ्याकडे असतो. गाणं थांबलं तरी सूर काही क्षण छताखाली रेंगाळतो. म्हणून इथं घाईनं गाऊन चालत नाही, शब्दांचा नुसता काला होईल!

१९१८ साली पहिलं महायुद्ध संपलं. लढाईवर सैनिकांसोबत राहून आलेले धर्मगुरू एरिक मिल्नर-व्हाइट यांनी त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी नऊ वाचनं आणि गीतं असा कार्यक्रम इथं सुरू केला. १९२८ पासून तो रेडिओवर ऐकू येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या, आत कडाक्याची थंडी. सुरक्षेसाठी रेडिओवर जागेचं नावही सांगत नसत. पण गाणं थांबलं नाही!

या कार्यक्रमाचं पहिलं कडवं एकच मुलगा, एकटा, साथीशिवाय गातो. कोण गाणार, हे अगदी शेवटच्या क्षणी कळतं. म्हणजे तयारी अनेकांची, संधी एकाला. आणि वय वाढून आवाज फुटला, की पुन्हा ती संधी नाही. मग बाकीचे रुसून बसतात का? छे! दुसऱ्या कडव्याला सगळे मिळून त्याला साथ देतात. मला तर पहिल्या कडव्याइतकंच हे दुसरं कडवं आवडतं.

पालकहो, २४ डिसेंबरला तिथं दुपारी तीनला हे गाणं सुरू होतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्या दिवशी किंवा एरवी ध्वनिमुद्रण लावून मुलांसोबत ऐका. आणि मुलांनो, शब्द कळले नाहीत तरी चालेल. आधी सगळ्यांत खालचा आवाज शोधा. सापडतो का बघा!