अर्ध्या अश्वाची शक्ती

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमच्या शेजाऱ्यांचे ड्रिलिंग मशीन आहे. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची. (अर्धा घोडा म्हणजे पुढचा की मागचा, हे मी अद्याप विचारलेले नाही.) परवा तिथे ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे ४० तुकडे आले. प्रत्येकात १० मिलिमीटरचे भोक. ते मोठे झाले तर फार तर ०.०१५ मिलिमीटरने चालेल, लहान मुळीच नाही. आपला केस याच्या चार-पाच पट जाड! तुकडा बिघडला, तर भुर्दंड यांच्याच खिशाला.

"म्हणजे अगदी बेताबेताने करायला हवे," मी म्हटले.

"सर, घाई चालत नाही, तशी भीडही चालत नाही!"

हे पोलाद मोठे मानी. ड्रिल न कापता नुसते घासत राहिले, की तिथेच ते अधिक कठीण होऊन बसते. म्हणून पट्टा बदलून फेरे कमी करायचे, तेल सोडायचे आणि कीस निघत राहील असा दाब शेवटपर्यंत ठेवायचा. मोटरला झेपावे म्हणून आधी ६ मिलिमीटरचे भोक, मग ९.८ चे. उरलेले काम रीमरचे. तेव्हा मात्र ते मोटर बंद करून पुली हाताने फिरवतात. सुलटीच, उलटी कधी नाही.

गेजचे एक टोक भोकात जायला हवे, दुसरे अडायला हवे. पहिले गेले. दुसरे लावताना डबा घेऊन आलेल्या वहिनी तशाच उभ्या राहिल्या.

अडले.

"ठेवा डबा," ते म्हणाले. "एकोणचाळीस राहिले."