‘नो’वर जोर नको!

स्पॅनिशचा क्लास लावला तेव्हा वाटलं, उच्चार तर सोपेच! मग मेक्सिकोच्या क्लायंटचा कॉल आला. रिपोर्ट अर्धाच झालेला. मला म्हणायचं होतं, ‘आज संपवते’ – ‘ओय तेरमिनो’. पण जोर दिला शेवटच्या ‘नो’वर. अर्थ झाला, ‘आज संपला’! ‘मग पाठवा ना!’ क्लायंट खूश. मी रात्री दोनपर्यंत ऑफिसात.

नियम साधा आहे. शब्दाचे तुकडे पाडा: तेर-मि-नो. शेवटी स्वर, एन किंवा एस असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्या. अपवादाला डोक्यावर तिरकी रेघ. मराठीत जोर हलला तरी अर्थ हलत नाही, तिथंच फसले.

आता कॉलआधी टेबलावर बोटं वाजवते. बॉसला वाटतं, टेन्शन आलंय. नाही हो, तुकडे मोजतेय!