गिळलेली गोष्ट

लहानपणी मी चार आण्यांचे नाणे गिळले होते. आजीने केळी खाऊ घातली आणि तिसऱ्या दिवशी नाणे आपल्या वाटेने बाहेर आले. तेव्हापासून आमच्या घरात सिद्धान्तच ठरून गेला: गिळलेल्या वस्तूवर उपाय एकच, केळे!

म्हणूनच, “रुपया गिळला,” असे सांगत सहा वर्षांचा बंडू रडत आला, तेव्हा मी निर्धास्तपणे केळे सोलले. पाऊण तास मी त्याला भरवीत होतो. त्याची लाळ गळू लागली तशी सौभाग्यवतीने माझा सिद्धान्त बाजूला सारला आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र दाखवले. वाटोळ्या सावलीच्या आत आणखी एक कडे दिसत होते.

“मास्तर, हा रुपया नव्हे, बटणासारखी बॅटरी आहे. नाणे पोटात उतरले की बहुधा आपोआप पडते. ही अन्ननलिकेत अडकली की ओलाव्यामुळे वीज वाहू लागते, दाहक क्षार तयार होतो. दोन तासांतही खोल जखम होते. केळे द्यायचे नाही, उलटी काढायची नाही. वर्षावरच्या मुलाला वाटेत दोन चमचे मध चालतो. पण त्यासाठी थांबायचे मात्र नाही.”

भूल देऊन दुर्बिणीने त्यांनी ती काढली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलिए जॅक्सन (१८६५–१९५८) या डॉक्टरांविषयी कधीतरी वाचलेले आठवले. रोग्यांनी गिळलेल्या आणि श्वासनलिकेत अडकलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. तिथल्या म्यूटर संग्रहालयात त्या खणांत मांडून ठेवल्या आहेत. टाचण्या, बटणे, नाणी! प्रत्येक वस्तूमागे एक घाबरलेले घर असणार.

चौथ्या दिवशी बंडू हळूच म्हणाला, “बाबा, तुमच्या टेबलावरचे घड्याळ मी उघडले होते. तुम्ही माराल म्हणून रुपया म्हटले.”

वर्गात हातात पट्टी घेऊन मी वर्षानुवर्षे मुलांना खरे बोलायला सांगत आलो आहे. घरी त्याच पट्टीच्या धाकाने माझ्या मुलाने बॅटरीपाठोपाठ खरी गोष्टही गिळली होती. बॅटरी डॉक्टरांनी काढली. दोन तासांतला पाऊण तास मात्र माझ्या धाकाने खाल्ला होता.