हजेरी

नॅकला माजी विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांची माहिती हवी, म्हणून आमच्या महाविद्यालयाने ते शोधकाम माझ्या गळ्यात घातले. जुना हजेरीपट मांडीवर घेऊन मी 2003 साली सुरू झालेले ते लिंक्डइन उघडले. मागच्या बाकांवरचे किती तरी उनाड वीर तेथे 'मॅनेजर' होऊन हसत होते! वर्गात पहिली येणारी मुलगी मात्र कोठेच सापडेना. तिच्या नावापुढे मी 'माहिती नाही' असे लिहून टाकले.

दिवाळीच्या बाजारात पणत्या घ्यायला गेलो, तो दुकानात तीच! वडील गेल्यावर दुकान चालवून तिने दोघा भावांना शिकविले होते.

"सर, ओळखलंत का?"

मी नुसती मान हलविली. घरी येऊन 'माहिती नाही' खोडले आणि लिहिले, 'हजर'.