वज्रेश्वरी ते गणेशपुरी, पायी पायी

परवा भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, या वयात वज्रेश्वरीला जाऊन चालत काय फिरलीस?" तिला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहिते आहे. बाकीच्या मंडळींनीही वाचावं.

फ्रान्समध्ये अलिए नदीकाठी विशी नावाचं गाव आहे, औषधी झऱ्यांचं. युरोपातल्या अशा ११ गावांना २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात तेही आहे. अशा गावी म्हणे वारसा बघत फिरायच्या वाटा आखलेल्या असतात. आपल्याकडे तानसा नदीकाठी तसंच सगळं आहे, फक्त वाट आपली आपण आखायची.

सुरुवात वज्रेश्वरीच्या देवळापासून करावी. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला होता असं सांगतात. मे १७३९ मध्ये वसई मिळाली आणि देऊळ उभं राहिलं. म्हणूनच ते लांबून किल्ल्यासारखं दिसतं. दारावर नगारखाना, भक्कम दगडी तट, आणि पन्नासेक पायऱ्या. त्यातल्या एका पायरीवर सोनेरी कासव आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे खुशाल थांबावं, दर्शनही होतं आणि दमही जातो!

तिथून अकलोली जवळच. रामेश्वराचं देऊळ आणि शेजारी कुंडं. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, अशी कथा आहे. भूगोलाच्या तासाला आम्ही शिकवायचो की पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. मला दोन्ही चालतं. हेच तानसेचं खोरं वरच्या अंगाला १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं आहे, हे मात्र मुंबईकर विसरतात.

कुंडावर सकाळी कामाला निघालेले लोक आंघोळ करत होते. एक म्हातारी नातवाला घासूनपुसून न्हाऊ घालत होती. फलक हवेत, बायकांना कपडे बदलायला नीट आडोसा हवा, साबणाला बंदीही हवी. आमच्या निघोज्याच्या इंद्रायणीवरचा फेस बघून हे लिहिते आहे. पण उद्या वारसा म्हणून कुंपण घातलं आणि तिकीट लावलं, तर पहिली बाहेर जाईल ती म्हातारी. तसला वारसा मला नको.

पुढे गणेशपुरी. नित्यानंदबाबांनी इथेच ८ ऑगस्ट १९६१ रोजी देह ठेवला. समाधीपाशी गर्दी असते. मला शेजारचं भीमेश्वराचं देऊळ आणि पुढची कुंडं जास्त आवडली.

आमचे हे निघताना म्हणाले होते, "गरम पाणी आपल्या गिझरलाही येतं." भीमेश्वराच्या कुंडात पाय सोडून बसले ते उठायला तयार होईनात. असो. दोन वेळा हाक मारली, शेवटी मीही शेजारी पाय सोडून बसले.