शीगी पुनवेची सहल

सीमाभागात राहणाऱ्या कुटुंबाला भाषा दोन असतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण सुट्ट्याही वेगवेगळ्या असतात, हे बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. कर्नाटकातल्या शाळांना सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, महाराष्ट्रात ती दिवाळीला असते. माझी बहीण कोल्हापुरास दिली आहे आणि धाकटा भाऊ नोकरीनिमित्त म्हापशाला असतो. त्याचा सगळा जीव चवथीच्या सुट्टीत. आम्ही दसऱ्याला मोकळे असतो तेव्हा बहिणीच्या मुलांची परीक्षा तोंडावर असते, आणि ती दिवाळीला माहेरी येते तेव्हा मी फळ्यासमोर उभा असतो. वर्षातून दोन-चार दिवस सगळी भावंडे एका पंगतीला बसावीत एवढी साधी गोष्ट. पण तिच्यासाठी तीन राज्यांची वेळापत्रके घेऊन बसावे लागते. मुख्याध्यापक असल्याने वेळापत्रक जुळवण्याची मला सवय आहे, तरी हे काही जुळत नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, आमच्या चिरंजिवांनी ते जुळवण्याचा प्रयत्नच सोडून दिला. तो बंगळुरास कंपनीत आहे. सून धारवाडकडची, घरी कन्नड बोलणारी. (सासऱ्याला आमच्याकडे ‘मामा’ म्हणतात, तिच्याकडे ‘मावा’. एका अक्षराचा फरक, तोही आता राहिलेला नाही.) दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी आला होता. शुक्रवारची रजा टाकली की शनिवार-रविवार मिळून चार दिवस सुट्टी. त्याने दांडेलीला जंगलातल्या एका रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचे आरक्षण करून टाकले आणि फोनवर जाहीर केले, “बाबा, तुमच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस.”

आता आमचे लग्न डिसेंबर १९९५ मधले. लग्नाचा वाढदिवस ऑक्टोबरात येणारच कसा? चातुर्मासात लग्ने होत नाहीत. तुळशीचे लग्न लागल्याशिवाय आपल्याकडे माणसांची लागत नाहीत. पण डिसेंबरात त्याला रजा नाही, म्हणून आमची तिशी दोन महिने अलीकडे ओढली गेली. मी थोडा कुरकुरलो. सौभाग्यवती म्हणाली, “मुलगा नेतो म्हणतोय, तर चला की.” तीस वर्षांत मी तिला फिरायला म्हणून कुठे नेले ते मोजायला एक हात पुरेसा आहे. मी गप्प बसलो.

आई मात्र येईना. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. “माझं काय काम रे तिथं? तुम्ही जाऊन या. तुळशीला पाणी कोण घालणार?” शेजारणीला तुळशीचे सांगता आले असते, आणि हे तिलाही ठाऊक होते. मी फारसा आग्रह केला नाही. खरे सांगायचे तर गाडीत चौघेच नीट बसतात असा हिशेब माझ्या मनात झाला होता. तो हिशेब आज लिहितानाही टोचतो.

खानापूर, नंदगड, हल्याळ करीत आम्ही निघालो. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो, सून आत जाऊन नमस्कार करून आली. दांडेली छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. काळी नदी पाहिली, सकाळी धनेशाची जोडी पाहिली. तिच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधीच येतो. रिसॉर्टमधला वाढपी दूर ईशान्येकडचा, म्हणून मराठी सासरा आणि कानडी सून दोघेही त्याच्याशी हिंदीत बोलत होतो. माझ्या फोनला रेंज नव्हती, हे तर मोठेच सुख. आमचे शिक्षक त्या सुट्टीत राज्याच्या सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलेले होते आणि प्रत्येकाची अडचण प्रथम माझ्या कानावर येई. रात्री केक आला. त्यावर आमची नावे होती, माझ्या नावातली वेलांटी चुकलेली. बिल किती झाले ते चिरंजिवांनी मला पाहू दिले नाही.

केक कापून झाल्यावर सुनेने सहज विचारले, “मामा, आज्जींचं लग्न कोणत्या तारखेला झालं?”

मला सांगता आले नाही. एम. ए. झालेला माणूस, पानिपतची तारीख झोपेतही सांगेन. पण आईवडिलांच्या लग्नाची तारीख मला माहीत नव्हती, आणि ती माहीत करून घ्यावी असे सत्तावन्न वर्षांत वाटलेही नव्हते.

रविवारी परतलो. सोमवारी कोजागिरी. गच्चीवर दूध आटवले, चंद्र ढगांत जाऊन-येऊन होता. सुनेने आजीलाच विचारले. आई म्हणाली, “तारीख कुणाला गे ठाऊक? शास्त्री वारले बघ, त्या सालात. तुळशीचं लगीन झालं आणि चौथ्या दिवशी. भाताची मळणी अडली म्हणून याचे आजोबा वरातीतसुद्धा चिडलेले होते.”

लालबहादूर शास्त्री गेले जानेवारी १९६६ मध्ये. म्हणजे लग्न १९६६ च्या कार्तिकातले. आपला भाग तेव्हा म्हैसूर राज्यात होता आणि महाजन आयोग नुकताच, त्याच ऑक्टोबरात नेमला गेला होता. ही सगळी माहिती मी तिथल्या तिथे सांगून टाकली. मास्तरकीची खोड. आईला आयोगाशी काही कर्तव्य नव्हते. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर साठ झाली असती तुझ्या बाबांची नि माझी.” बाबा २०१९ साली गेले.

तेवढ्यात सून म्हणाली, “आज्जी, नाळे शीगी हुण्णिमे.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोजागिरी ही रात्रीची. पण त्याच आश्विनी पुनवेला कानडी शेतकऱ्यांची शीगी हुण्णिमे असते आणि ती दिवसाची. पीक पोटरीला आलेले, निसवलेले असते, म्हणजे भूमी गर्भार. तिचे डोहाळेजेवण करायला सगळे घर शेतात जाते. पाच दगड चुन्याने पांढरे करून पुजायचे, कडबू, भाकरी, भरली वांगी, दहीभात यांचा नैवेद्य, आणि मग ‘हुलिग्यो, हुलिग्यो’ असा पुकारा करीत अन्न शेतभर शिंपडायचे. त्याला चरगा म्हणतात. लातूरकडची वेळ अमावास्या ही याच नात्यातली, फक्त ती मार्गशीर्षात येते. आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पूर्वेला, मराठी-कानडी मिसळलेले. म्हणून आमच्या घरीही चरगा होता. होता म्हणतो, कारण शेतच राहिले नाही. २०१५ साली ते मी विकले. सातबाराला ज्याला कर्नाटकात उतारा म्हणतात, त्यावर नाव बाबांचे, सहीही त्यांची. पण विकायला लावले मी. दोन एकर पाच गुंठे. आईला कुणी विचारले नाही. व्यवहार झाल्यावर तिने एवढेच विचारले होते, “जांभळीचं झाडपण त्यांचंच झालं काय?”

हे सुनेला माहीत नव्हते. ती उत्साहाने म्हणाली, “आपण जाऊ या ना शेतावर.” गच्चीवर कुणी बोलेना. शेवटी आईच म्हणाली, “बांधकऱ्याचं आहे आता. पण नाही म्हणायचा नाही तो.”

सकाळी सहाला उठून आईने स्वैपाकघर ताब्यात घेतले. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. कारळ्याची चटणी, शेंगाची चटणी, बारा-पंधरा भाकऱ्या, वांगी. कडबू सुनेने केले. याच गाडीत पाचजण बसलो, आणि नीट बसलो.

शेत ओळखू येत होते. भात कमरेएवढे, लोंब्या भरत आलेल्या. जांभळीखाली बांधकऱ्याचे कुटुंब बसले होते, त्यांची पूजा उरकत आली होती. आई बांधावर थांबली. ज्या शेतात तिने पन्नास वर्षे राबून काढली त्याच्या कडेला ती पाहुण्यासारखी उभी राहिली, चपला काढून. बांधकऱ्याच्या बायकोने पाहिले आणि हाक मारली, “बर्री अव्वा, ओळग बर्री!” तेव्हा ती आत गेली.

मग दोन्ही घरच्या भाकऱ्या एकत्र झाल्या. आईने चरगा टाकला. ती पुढे, सून मागून टोपली धरून. पुकारा दोघींचा एकच. जेवताना आई सुनेला सांगत होती, कानडीत, त्यामुळे अर्धे मला शब्द जुळवून समजले: लग्नानंतरच्या पहिल्या शीगी पुनवेला सासूने तिला आणि बाबांना पुढे पाठवले. डोक्यावर बुट्टी, घरापासून शेतापर्यंत पाऊण तासाची वाट, आणि त्या वाटेवर बाबा तिच्याशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलले. घरात माणसे बारा, बोलायचे कुठे? पुढे दरवर्षी याच दिवशी दोघे एकत्र चालत जात. “अष्टे,” म्हणाली. एवढेच. मी त्या वाटेवर लहानपणी त्यांच्या पुढे धावत असे. ती त्यांची एकत्र जाण्याची वाट आहे हे मला कधी सुचले नाही.

निघताना तिने दारावर बांधायला पाच लोंब्या मागितल्या. बांधकऱ्याची बायको म्हणाली, शेत तुमचंच अव्वा, विचारता काय? आई म्हणाली, “इल्ल तंगी, निम्द ऐती.” नाही बाई, तुमचंच आहे. आणि तिने स्वतः न तोडता त्या बाईच्या हातून लोंब्या घेतल्या.

परतताना चिरंजीव गाडी चालवत होता, मी शेजारी. खानापूरजवळ रेल्वेचे फाटक लागलेले होते. त्याने इंजिन बंद केले. बराच वेळ समोर पाहत राहिला आणि मग विचारले, “बाबा, शेत कोणत्या साली विकलं म्हणालात?”

“२०१५.”

त्याच वर्षी जूनमध्ये त्याला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. तो पुढे काही बोलला नाही, मीही नाही. मागच्या सीटवर आई सुनेच्या खांद्यावर डोके टेकून झोपली होती, लोंब्या मांडीवर पदरात गुंडाळलेल्या. गाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडले, आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे त्याने किल्ली फिरवली.